कोऱ्या कापडाचा शब्द

मित्रांनो, घाटकोपरच्या एका शाळेत, वाचनालयाच्या काचेच्या कपाटात, एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश बंद आहे. तो मीच. वाचनालय सांभाळणाऱ्या श्यामकांत सरांचा माझ्यावर फार जीव. म्हणूनच त्यांनी मला कुलपात ठेवले. काचेतून मी मुलांची बडबड ऐकत राही; कोणी मला हात लावत नसे.

त्र्याऐंशी साली वनमाला नावाची तरुणी शिक्षिकेच्या जागेसाठी आली. तिचे वडील दशरथ गिरणीत विणकर. संपामुळे घरी बसलेले. साऱ्या घराची भिस्त या नोकरीवर होती. तिने एक तास घेऊन दाखवला. मुख्याध्यापिका कुंदाबाईंनी शेऱ्यात एकच इंग्रजी शब्द लिहिला: 'ड्रॅब'.

वनमाला तडक श्यामकांत सरांकडे आली. "सर, एका दिवसापुरता हा कोश द्या ना."

"इथंच बघा, बाई."

"इथं रडू येईल मला."

सरांनी किल्ली काढली.

घरी तिने वडिलांना माझ्यातून वाचून दाखवले. "ड्रॅब म्हणजे निस्तेज, रटाळ. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ नुसतं कापड. मग न रंगवलेलं, मळकट कापड. आणि आता मी!"

दशरथ हसले. "गो बाय, मागावरून उतरतं ते कोरंच असतं. रंगखातं पुढे. उद्या परत जा आणि रंगव."

दुसऱ्या दिवशी ती कुंदाबाईंसमोर उभी राहिली. "बाई, अजून एक तास द्या. नाही जमलं, तर पुन्हा येणार नाही."

सातवीच्या वर्गात तिने मला बाकाबाकावरून फिरवले. तो शब्द कापडातून कसा निघाला हे सांगताना ती हातांनी वडिलांचा माग चालवू लागली. मुलींनी बाकांवर ठेका धरला. इतके हात मला पहिल्यांदाच लागले! मागे बसलेल्या कुंदाबाई शेवटी म्हणाल्या, "सोमवारपासून या."

पण त्या गडबडीत माझे एक पान फाटले. श्यामकांत सरांनी ते डिंकाने चिकटवले, हळहळले आणि दुसरे कुलूप घातले. "आता कोणालाच नाही," ते म्हणाले. वनमालाबाईंनी मला दोनदा मागून पाहिले. मग त्यांनी स्वतःचा छोटा कोश घेतला.

मित्रांनो, फाटलेल्या पानाचे मला दुःख नाही. पण बंद कपाटात मला कसर लागली आहे. 'ए' आणि 'बी'च्या पानांची तिने चाळण केली. आता ती 'सी'मध्ये शिरली आहे. सरांना बाहेरून हे कळत नाही. तुम्ही तरी त्यांच्याकडे मला मागा, भीड बाळगू नका. 'डी' आता फार दूर नाही.