तिसरी फुंकर

मित्रांनो, जरा मान वर करा. खाली काय शोधता? अनसिंगच्या वाटेवर आमचं गाव आहे. तिथे ग्रामपंचायतीसमोरच्या कडुनिंबाला तारेने बांधलेला जुना भोंगा म्हणजे मी. तोंडात गांधीलमाशांनी पोळं केलंय, पत्रा गंजलाय, आणि घशाचं काय झालं ते पुढे सांगतो. जवळ येऊन ऐका, मला आता मोठ्याने बोलता येत नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. गावात आलो त्या दिवशी मला हार घातला, नारळ फोडला आणि कोतवाल शालिग्रामने माइक हातात घेतला. त्याआधी तो गल्लोगल्ली फिरून दवंडी द्यायचा. मी आलो आणि त्याच्या पायांना आराम पडला. रेशन आलं, उद्या नळ येणार नाही, गोविंदसिंगची लाल गाय कुणाच्या हरभऱ्यात शिरली आहे, सगळं गाव माझ्याच तोंडून ऐकायचं. गोविंदसिंग खाली उभा राहून मला शिव्या घालायचा, "अबे भोंग्या, रोज माह्याच गाईचं नाव कायले घेतं?" मी काय करणार? गाय रोज शिरायची.

शालिग्रामची एक पद्धत होती. बोलण्याआधी तो माइकवर फुंकायचा. दोन फुंकरा म्हणजे साधी बातमी. तीन म्हणजे गावात कुणीतरी गेलं. तिसरी फुंकर ऐकली की बायका चुलीवरचा तवा उतरवायच्या, वावरातली माणसं हातातलं काम टाकायची आणि घरटी एकजण गोवरी नाहीतर लाकूड घेऊन माझ्याखाली येऊन उभा राहायचा. कोण गेलं ते मग कळायचं. आमच्याकडे सरण असंच घराघरातल्या लाकडांनी रचतात.

मग मोबाइल आले आणि गावाचा ग्रुप झाला. माझी वायर कुणीतरी काढून ठेवली. पुढे शालिग्राम गेला, तेव्हा त्याची बातमीही ग्रुपवरच टाकली. ज्याने साऱ्या गावाच्या मौती सांगितल्या, त्याच्यासाठी तीन फुंकरा मारायला कुणी माइक धरला नाही. फोटोखाली हात जोडलेली चित्रं ढिगाने आली, माणसं मोजकीच आली. लाकूड कमी पडलं हो त्याला! वरून बघताना मला इतका संताप आला होता, की फांदीसकट खाली पडावं असं वाटलं.

आता मागच्या हिवाळ्याचं सांगतो. किशन आणि सुकेशनी ऊसतोडीला गेले होते. त्यांची लहानगी रेणू आजीपाशी, बेबीबाईपाशी होती. रेणू रोज विचारायची, आई कोणत्या वाटेने गेली? बेबीबाई हात करून दाखवायची, त्या वाटेने. बिचारीला काय ठाऊक, पोरगी खरंच ती वाट धरेल म्हणून!

त्या दिवशी दुपार कलल्यावर बेबीबाई अनवाणी पळत ग्रामपंचायतीत आली. "धनराज, माही रेणू सापडून नाई राह्यली रे! साऱ्या गल्ल्या पाह्यल्या!"

धनराज ग्रामपंचायतीचा कॉम्प्युटर सांभाळतो. पोरगा वाईट नाही. त्याने लगेच रेणूचा फोटो ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, हरवली आहे, दिसल्यास कळवा. "काकू, बसा. येतीन आता लोकं."

मोबाइल टुकटुक वाजू लागला. धनराजने वाचलं आणि त्याचं तोंड उतरलं.

"काय म्हनते? सापडली का?" बेबीबाईने विचारलं. तिला वाचता येत नाही. "बोल ना बाप्पा!"

"काकू, लोकायनं..." त्याने मोबाइल उलटा ठेवला. "लोकायनं श्रद्धांजली वाह्यली."

कुणीतरी नुसता फोटो बघितला होता, खालची ओळ वाचलीच नव्हती. एकाने लिहिलं, मग मागोमाग सगळ्यांनी हात जोडले. घराबाहेर मात्र कुणी पाऊल टाकलं नाही. बेबीबाईने भिंतीवर कपाळ आपटलं. "मेली नाई माही पोट्टी! मेली नाई! थो भोंगा चालू कर!"

धनराजने मशीनवरची धूळ झटकली, वायर जोडली. कितीतरी वर्षांनी माझ्या अंगातून वीज गेली. बेबीबाईला धाप लागली होती. माइक चालू आहे की नाही तेही तिला कळेना. तिने फुंकलं. परत फुंकलं. आणि परत फुंकलं.

अगं माय, तिसरी नको! मला ओरडायचं होतं, पण भोंग्याला त्याचा स्वतःचा आवाज कुठे असतो?

गाव आलं. वावरातून आलं, घरातून आलं, आणि प्रत्येकाच्या हातात लाकूड होतं. सगळ्यात पुढे रामधन, खांद्यावर बाभळीचं खोड घेऊन. "कोन गेलं व काकू?"

बेबीबाईने ती लाकडं बघितली आणि माइकमध्येच किंचाळली, "लाकडं कायले आनले रे मेल्याहो? जित्ती हाय माही रेणू! फेका ते लाकडं! पोट्टी पाहा माही!"

लाकडं धपाधप खाली पडली. माणसं दाही दिशांना पळाली. सूर्य बुडायला आला होता, थंडी पडू लागली होती. कुणी विहिरीत वाकून बघत होतं, कुणी नाला धुंडत होतं. रामधन धापा टाकत परत आला. "धनराज, साऱ्या वावरात मोटारी चालू हायेत. पोट्टी वरडली तरी आयकू येनार नाई!"

मग धनराजने माझ्यातून सांगितलं, "साऱ्यायनं मोटारी बंद करा! कोनी बोलू नोका!" एकेक मोटार थांबत गेली. जन्मभर मी गावाला आवाज दिला, त्या दिवशी गावाला चूप केलं. आणि त्या शांततेत बेबीबाईने हाक मारली.

"रेणूऽ! आजी बोलून राह्यली व! ओ दे माय!"

तिने इतक्या जिवाने हाक मारली की माझ्या घशात काहीतरी टर्रकन फाटलं. फाटू दे म्हटलं. तिने परत हाक मारली, परत मारली, आणि मी फाटक्या घशाने ती दूरपर्यंत नेली.

"आजीऽ!"

आवाज आईच्या वाटेवरच्या, रामधनच्याच शेततळ्यातून आला. पोरगी पाणी प्यायला वाकली होती आणि तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकवरून घसरली होती. मोटारीचा दोर धरून लोंबकळत होती, गळ्यापर्यंत पाण्यात. शेजारी मोटार घरघरत होती, म्हणून तिचं रडणं कुणाला ऐकू गेलं नाही. रामधन कमरेला दोर बांधून उतरला आणि त्याने तिला वर काढलं. बाहेर आल्यावर तो तिच्यापेक्षा जास्त रडत होता.

पोरगी गारठून निळी पडली होती. सरणासाठी बाहेर काढलेलं लाकूड आमच्याकडे परत घरात नेत नाहीत. म्हणून गावाने तेच पेटवलं. माझ्याखाली मोठी शेकोटी झाली आणि घोंगडीत गुंडाळलेली रेणू आजीच्या मांडीवर बसून शेकत राहिली. तो धूर माझ्या तोंडात गेला. असा गोड धूर मी कधी खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे म्हणाले, भोंगा दुरुस्त करू, तळ्याला कुंपण घालू. मग हरभरा काढायला आला, लग्नं आली, विसरले. माझा घसा फाटलेलाच आहे. तळंही तसंच उघडं आहे. आणि यंदा ऊसतोडीचा ट्रक परत येऊन गेला. सुकेशनी चढली आणि तोंड फिरवून बसली. रेणू परत मागे राहिली.

ती रोज सकाळी माझ्याखाली येते. मूठ माइकसारखी तोंडाशी धरून फुंकते, फू, फू, आणि सांगते, "रेणू शाळेत चालली वो!" मला ते गावभर ओरडून सांगावंसं वाटतं. सांगता येत नाही, मित्रांनो. जीव नुसता तुटतो.

म्हणून हात जोडून विनवतो, मला हात नाहीत तरी. कुणीतरी वर चढा, माझा घसा शिवा. त्या तळ्याला कुंपण घाला. एखाद्या लेकराचा फोटो आला तर खालची ओळ तरी वाचा आणि घराबाहेर पडा. आज सकाळीही रेणूने दोनच फुंकरा मारल्या. तिच्यासाठी तिसरी मारायची वेळ कुणावर येऊ देऊ नका.