करंगळीपुरती जागा

बाप मोठा व्यवस्थित माणूस. बायकोला मारण्याआधी मनगटावरचं घड्याळ काढून फळीवर ठेवायचा. घड्याळाला धक्का लागता कामा नये, बाकी काही फुटलं तरी चालेल. मागच्या खेपेला आईचा उजवा कान फुटला. तो डावखुरा, त्यामुळे सगळं तिच्या उजव्या अंगालाच बसायचं. आता त्या कानाने तिला काही ऐकू येत नव्हतं, आणि पुढची पाळी डोळ्याची, हे लेकीला दिसत होतं.

जुन्या घड्याळाचा पट्टा स्प्रिंगचा, ताणला की सैल होणारा होता. एक झटका दिला की हातातून बाहेर. फळीवर टक असा आवाज झाला की आई मागच्या दाराकडे धावायची, पण कडी उघडायच्या आत तिची वेणी त्याच्या मुठीत असायची. दारापलीकडे शिंपीणबाईंचं घर होतं. तिथवर पोचली असती तर वाचली असती. कमी पडायचा तो नेमका कडी काढण्याइतका वेळ.

जुनं घड्याळ एकदाचं बंद पडलं, तेव्हा लेक घड्याळवाल्याकडे गेली आणि त्याच्यासमोर एक दोरा ठेवला.

"वडिलांच्या मनगटाचं माप. झोपले असताना घेतलंय."

"चकित करणार वाटतं!" घड्याळवाला हसला.

"हो," ती म्हणाली. "चांगलंच."

तिने एका मोठ्या घड्याळाकडे बोट दाखवलं. त्याने मान हलवली. "ही परात नको. तबकडी मनगटाच्या बाहेर गेली की बाहीत अडकते. माणूस वैतागतो आणि काढून ठेवतो."

"काढून ठेवायला नकोय," ती जरा जास्तच घाईने म्हणाली. "पट्टा मी शिवीन. बॅगांच्या कारखान्यात शिवणकामच करते मी."

"मग ऐक. काम काय करतात?"

"बर्फाच्या कारखान्यात मुकादम आहेत."

"म्हणजे कामावर मनगट बारीक होणार, घरी आल्यावर फुगणार. भोकं जवळजवळ पाड आणि भरपूर पाड. पट्ट्याखाली करंगळी गेली पाहिजे. सैल असेल तर घड्याळ फिरत राहतं, आणि करंगळीही जात नसेल तर तो पट्टा नाही, फास."

तिने जाड चामडं घेतलं. दुहेरी शिवण घातली, टोक लांब ठेवलं, आणि बकलापुढच्या, टोक खोचायच्या दोन्ही बारीक पट्ट्या इतक्या घट्ट केल्या की टोक त्यातून ओढून काढताना नखं दुखावीत. हातात असताना मऊ, काढताना कटकट. आयुष्यात तिने इतक्या निगुतीने काही शिवलं नव्हतं.

बाप खूश झाला. कामावर चारचौघांत मनगट मिरवून आला. "लेकीने स्वतः शिवलाय पट्टा. घातलाय हे कळतसुद्धा नाही," म्हणाला. रोज सकाळी तो हात पुढे करायचा, आई बक्कल लावायची आणि लेकीने शिकवल्याप्रमाणे करंगळी घालून बघायची. बरेच दिवस घरात शांतता होती. घड्याळाने माणूस सुधारतो की काय, असं लेकीला वाटायला लागलं. वेडी पोर.

सुट्टीच्या दुपारी बापाने बाहेरच्या खोलीतून हाक मारली. आई शेगडीपाशी होती, उजवा कान त्याच्या बाजूला. तिला हाक ऐकू गेली नाही. दुसरीही गेली नाही. ज्या कानाचा त्याने निकाल लावला होता, तो कान ऐकत नाही म्हणून त्याचं डोकं फिरलं.

तो आत आला. लेक चामड्याला भोकं पाडायची आरी आणि लाकडी हातोडा घेऊन टेबलाशी बॅगेचे बंद शिवत बसली होती. त्याचा उजवा हात डाव्या मनगटाकडे गेला. नखं चामड्यावर घसरली. त्याने शिवी हासडली.

"आई, पळ!" लेक ओरडली.

आई धावली. कडी निघाली, दार उघडलं, समोर शिंपीणबाईंचं अंगण दिसलं. लेकीने जे जे योजलं होतं ते सगळं घडलं.

"ए, इकडे ये," बाप म्हणाला. आवाजसुद्धा चढवला नाही. "काढ हे."

त्याने उताणं मनगट टेबलावर टेकवलं. आणि आई परत आली. रोज सकाळी यायची तशी, मान खाली घालून, पदराला हात पुसत. लेकीला त्या क्षणी बापापेक्षा आईचा जास्त संताप आला. स्वतःचासुद्धा आला. आईला मारायची तयारी आईकडूनच करून घ्यायची सोय तिनेच शिवून ठेवली होती.

आईने टोक दोन्ही पट्ट्यांतून ओढून काढलं. बकलाची काडी भोकातून सोडवली. मग तिची बोटं थांबली.

"लवकर," बाप म्हणाला.

तिने दोन्ही हातांनी टोक धरलं आणि ओढलं. सोडवायला नाही, आवळायला. शेवटच्या भोकापर्यंत. काडी आत बसली आणि बाप किंचाळला. त्याची उजवी मूठ आईच्या तोंडावर बसली. दात तुटला, रक्त चामड्यावर सांडलं. आई गुडघ्यांवर पडली तरी टोक सोडेना. लेकीने आरी त्या लांब टोकातून आरपार घातली आणि लाकडी हातोड्याने टेबलात ठोकली. एकदा, दोनदा, मुठीपर्यंत. बापाने हिसका दिला. टेबल हललं, शिवण हलली नाही.

आईने लेकीच्या हातातून हातोडा घेतला. त्याच्या उताण्या पंजावर मारला. हाड मोडल्याचा आवाज आला, ओली फांदी मोडावी तसा. बाप खाली बसला. उजव्या हाताने आरी उपटायला गेला, तेव्हा आईने हातोडा पुन्हा उचलला. त्याने हात मागे घेतला. तो आईला घाबरला होता. लेकीने हे पहिल्यांदाच बघितलं आणि तिला मनापासून बरं वाटलं.

"चल," लेक म्हणाली. दोघी उंबऱ्यापर्यंत पोचल्या.

"अगं, ऐक ना," मागून बाप म्हणाला. आवाज मऊ झाला होता, मारून झाल्यावर व्हायचा तसा. "हात काळा पडतोय. तेवढं सोड."

आई वळली. लेकीने तिचा दंड धरला, तो तिने सोडवून घेतला आणि आत गेली. 

आई त्याच्यापाशी वाकली. पट्ट्याखाली करंगळी घालून बघितली. करंगळी गेली नाही.

"नीट बसलंय," ती म्हणाली, तोंडातलं रक्त पुसलं आणि बाहेर आली.