समोरचा दवाखाना

राजधानीत उतरायचं कुठे, यावरून आमच्या घरी तीन आठवडे वाद चालला. वाद म्हणजे, बोलत मी एकटाच होतो. बायको फक्त "बरं" म्हणायची. तिच्या "बरं"चे निदान सहा प्रकार आहेत आणि त्यातला एकही होकार नसतो.

तिचा उजवा डोळा गेल्या वर्षीच गेला. आता डाव्या डोळ्याचा पडदा सुटायला लागला होता. तो बसवणारा डॉक्टर राजधानीतल्या डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात तीन महिन्यांतून एकदा येतो. आम्हाला सकाळी आठची वेळ मिळाली होती. "ही तारीख चुकवू नका," आमच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "पुढच्या तारखेपर्यंत डोळा थांबणार नाही."

बायकोची धाकटी बहीण त्या दवाखान्यापासून चालत दहा मिनिटांवर राहते. कुठलाही शहाणा माणूस तिच्याकडेच उतरला असता. पण आठ वर्षांपूर्वी, आमच्याच घरी, आमच्याच टेबलावर जेवताना ती मला म्हणाली होती, "भाऊजी, तुमचं शहर नकाशातच बरं दिसतं." मी हातातला घास टाकून उठलो होतो. तेव्हापासून तिच्या दारात पाऊल ठेवायचं नाही, असा कानाला खडा लावून घेतला होता.

माझं शहर, असं ती म्हणाली त्याला कारण आहे. मी ड्राफ्ट्समन. ओसाड माळावर राजधानी वसवायची ठरलं तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि मोठ्या साहेबांच्या हाताखाली तिच्या नकाशाच्या बावीस शीट मी एकट्याने काढल्या. सेक्टर, चौक, झाडांच्या रांगा, सगळं माझ्या हातचं. ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ चुकली तर ती ब्लेडने खरवडावी लागते, आणि माझं खरवडणं ऑफिसात नावाजलेलं होतं. ब्लेड, मग रबर, मग वरून नखाने घासायचं. कागद उजेडापुढे धरला तरी पत्ता लागायचा नाही. साहेब म्हणायचे, "याने पुसलं म्हणजे ते कधी नव्हतंच." हे वाक्य मी बायकोला हजार वेळा तरी ऐकवलं असेल.

शहर बघायला मात्र कधी गेलो नाही. आधी रजा नव्हती, मग मुलं लहान होती, मग गुडघे धरले. बेचाळीस वर्षं कारणं पुरली.

तर मी चार ठिकाणी खोल्या धरल्या आणि तीन सोडल्या. पहिली स्टेशनाला लागून होती, गोंगाट. दुसऱ्या लॉजच्या जिन्याला कठडा नव्हता. तिसऱ्या ठिकाणच्या माणसाला फोनवर सेक्टर विचारला, तर म्हणतो, "बघून सांगतो." ज्याला स्वतःचा सेक्टर बघून सांगावा लागतो त्याच्याकडे मी राहत नाही. चौथा लॉज दवाखान्याच्या अगदी समोर निघाला. माझ्याकडच्या नकाशाच्या जुन्या प्रतीवर पट्टी ठेवून मोजलं, दारापासून दारापर्यंत नव्वद मीटर.

"नव्वद मीटर!" मी म्हटलं. "बहिणीकडून दहा मिनिटं, इथून दोन."

"बरं," बायको म्हणाली.

दुपारी तीनला पोचलो. खोली तिसऱ्या मजल्यावर. मी बॅग ठेवायच्या आधी खिडकी उघडली आणि दवाखान्याची पाटी मोठ्याने वाचून दाखवली.

"दिसतंय का तुला?"

"पांढरं काहीतरी दिसतंय."

"तोच!" मी म्हटलं. चार मिनिटं माझ्याइतका सुखी माणूस त्या शहरात नसेल. पाचव्या मिनिटाला चुळबुळ सुरू झाली. बॅग उघडली, बंद केली. कागदांची फाईल तपासली, पुन्हा तपासली. शेवटी म्हटलं, सकाळची वाट एकदा चालून बघू, घड्याळ लावून. "उद्याचं उद्या बघा हो," असं पुटपुटत बायकोनेही चपला घातल्या.

खाली काउंटरवर मॅनेजर मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता.

"दवाखान्यात जायला ओलांडायचं कुठून?" मी विचारलं.

त्याने मान वर केली. "दवाखान्यात जायचंय? मग इकडे कशाला उतरलात?"

"समोर आहे म्हणून."

"समोर आहे खरं, पण वाट कुठाय? टॅक्सीने मोठ्या चौकापर्यंत जायचं, वळून परत यायचं, सात किलोमीटर. कधी जायचंय?"

"उद्या सकाळी आठला."

"मग संपलंच की. उद्या परदेशी पाहुणे येतायत. सकाळी सहापासून दुपारपर्यंत रस्ता बंद. इकडची माणसं इकडे, तिकडची तिकडे. कुत्रंसुद्धा सोडत नाहीत."

"तिकडे एखादा लॉज असेल ना?"

"एकही नाही. तिकडे परवानगीच नाही, मूळ नकाशातच तसं आहे."

नकाशात लॉजांना नारिंगी रंग असतो. तो रंग मीच भरला होता, आणि तो या बाजूलाच संपत होता.

बायकोचा दंड धरून मी रागारागाने बाहेर आलो. राग कोणावर ते ठरत नव्हतं. रस्ता म्हणजे नुसता धावता लोंढा, इकडून चार गाड्या शेजारी, तिकडून चार, आणि मध्ये डोक्याएवढं उंच लोखंडी कुंपण. मी डावीकडे शंभर पावलं जाऊन आलो, उजवीकडे शंभर पावलं जाऊन आलो. सिग्नल नाही, पट्टे नाहीत, काही नाही. बायको झाडाला हात टेकून उभी होती.

तेवढ्यात पलीकडून एक बाई धावत सुटली. निळा गणवेश, हातात डब्याची पिशवी. ती कुंपणापाशी आली, अंग तिरकं केलं आणि दोन वाकवलेल्या गजांमधून अल्लाद अलीकडे निघाली. तिथे थांबली, गाड्यांचा अंदाज घेतला आणि पुन्हा धावत थेट आमच्या पुढ्यात. दवाखान्यातली आया होती.

"रोज अशाच येता?" बायकोने विचारलं.

"रोजच. घर इकडे, नोकरी तिकडे. फिरून यायचं म्हणजे तास जातो, आणि घरी पोरं वाट बघतात."

"भीती नाही वाटत?"

"वाटते की! मागच्या वर्षी आमच्यातली एक गेली ना इथेच. तिचा डबा त्या झाडापर्यंत उडाला होता." तिने बायकोच्या झाडाकडे बोट दाखवलं, पदराने तोंड पुसलं आणि निघून गेली.

"आपणही असेच जाऊ या," बायको म्हणाली. "आत्ताच. मला हाताला धरा."

"नाही!" मी एवढ्याने ओरडलो की लॉजचा मॅनेजर दारात आला.

कारण तोवर मी झाडं मोजली होती. कोपऱ्यापासून तिसरं झाड, त्यापुढे दिव्याचा खांब. शीट नंबर सतरा. या झाडाच्या शेजारून खाली उतरणारा जिना होता, रस्त्याखालून भुयारी वाट होती आणि पलीकडे दवाखान्याच्या फाटकाशी वर येणारा दुसरा जिना होता. हे सगळं मी काढलं होतं, पायऱ्यांसकट. मग एक दिवस साहेब टेबलाशी आले आणि म्हणाले, "मंत्र्यांच्या गाड्या जायच्या रस्त्याखाली पोकळ जागा नको, असं वरून आलंय. काढून टाक." मी अर्धा तास बसून ते खरवडलं. माणसं कुठून जातील, हे मी विचारलं नाही. त्या अर्ध्या तासात मला एकच काळजी होती, कागद फाटू नये.

हे मी तिथेच, त्या गोंगाटात, बायकोला सांगितलं. आणि तोंड उघडलंच होतं तर दुसरंही सांगून टाकलं. धाकटीच्या भांडणाचं मी सगळ्यांना अर्धंच सांगत आलो आहे. त्या दिवशी ती आमच्याकडे सहज जेवायला आली नव्हती. तिच्या सेक्टरातले लोक इथे भुयारी वाट मागत होते आणि दर अर्जाला एकच उत्तर येत होतं, मूळ नकाशात नाही, सबब करता येत नाही. बायको आत पोळ्या करत असताना तिने मला विचारलं होतं, "भाऊजी, नकाशा तुम्ही काढलात. इथे वाट कधी होती का?"

मी म्हणालो होतो, "नव्हती."

साहेब त्याच वर्षी वारले होते. गेलेल्या माणसाकडे बोट नको, असं मी मनाला समजावलं. खरं म्हणजे ते बोट माझ्याकडे वळलं असतं.

बायको या खेपेला "बरं" म्हणाली नाही. झाडावरचा हात काढून म्हणाली, "तिला फोन लावा. माझ्या फोनवरून नको. तुमच्या."

लावला.

"कोण?" धाकटीने विचारलं.

"मी बोलतोय."

"ताई बरी आहे ना?"

"बरी आहे. आम्ही... तुझ्याकडे येऊ का राहायला?"

"आहात कुठे?"

"दवाखान्यासमोर."

"समोर म्हणजे पलीकडे?"

"हो."

"मग तासभर लागेल तुम्हाला," ती म्हणाली. "मी चहा आत्ता टाकत नाही."

तिच्या घरी ती मला एक शब्दही लागेल असा बोलली नाही. जेवायला वाढलं, बहिणीच्या डोळ्यांत थेंब घातले, मला आतली खोली दिली. त्या चांगुलपणाने मी जास्तच कासावीस झालो. सांगायचं म्हणून तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा पाणी मागितलं.

सकाळी साडेसातला आम्ही चालत दवाखान्यात पोचलो आणि आठच्या ठोक्याला बायकोला आत नेलं. बाहेरच्या बाकावर धाकटी आणि मी. मी बसायचो, उठायचो, खिडकीशी जायचो. खाली रस्ता रिकामा होता, एवढा मोठा रस्ता अगदी रिकामा, आणि वाकलेल्या गजांपुढे एक पोलीस उभा. पलीकडे आमच्या लॉजची खिडकी दिसत होती, मी उघडीच टाकून आलेली. आम्ही तिथे असतो तर या वेळी काय करत असतो, असा विचार आला आणि मी परत बाकावर येऊन बसलो.

दोन तासांनी बायकोला बाहेर आणलं. डोळ्यावर जाड पट्टी. पडदा बसलाय, बाकी पट्टी काढल्यावर, असं डॉक्टर म्हणाले. मी तिचा हात धरला. तिने बोटं चाचपून मीच आहे याची खात्री केली.

"सांगितलंत का तिला?" तिने विचारलं.

नर्सने बायकोला खोलीत नेलं. मी वळलो आणि बाकावर बसून धाकटीला सगळं सांगितलं. जिना, भुयार, ब्लेड, आणि माझं ते "नव्हती".

मला वाटलं होतं ती ओरडेल. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

"आठ वर्षं झाली, भाऊजी," ती म्हणाली. "इथली ती आया मागच्या वर्षी गेली."

मी मान खाली घालून रडलो, दवाखान्याच्या बाकावर, सगळ्यांदेखत.

तिने मला रडू दिलं. मग पिशवीतून पेन काढलं आणि तपासणीचा एक पाठकोरा कागद माझ्या मांडीवर ठेवला. "लिहा. जिना कुठे होता, किती पायऱ्या होत्या, कोणी पुसायला लावला, कोणी पुसला."

मी लिहिलं. खाली छोटा नकाशाही काढला, झाड, खांब, दोन जिने आणि मधली वाट.

"ते पुरावा मागतील," ती म्हणाली. "मूळ कागद उजेडापुढे धरला तर खूण दिसेल ना?"

"नाही."

"काहीच नाही? एवढीशीसुद्धा?"

"नाही," मी म्हटलं. "मी काम फार चांगलं करायचो."

तिने माझ्याकडे पाहिलं. "मग तुमची सही हाच पुरावा. करा."

मी सही केली. सहीखालची रेघ वाकडी गेली, पार जिन्यापर्यंत. मी ती तशीच राहू दिली.