फोटोपुरता शेतकरी

शिंप्यानं उभ्या आयुष्यात कापूस पिकवला नव्हता, नुसता शिवला होता. तरी सरकारी यादीत कापसाचा शेतकरी तोच. कारण बापानं मरताना शेत लेकाच्या नावावर केलं आणि राबायला लेक ठेवली. नवऱ्यानं टाकलेली ताई बारा महिने त्या मातीत खपायची आणि कापसाचं अनुदान शिंप्याच्या खात्यात पडायचं. त्यातून त्यानं दुकानात मोटारीचं मशीन आणलं. ताईनं अनुदानाचं विचारलं तर म्हणाला, "सरकारनं हात वर केले गं." मशीनचं बटण दाबलं की हेच वाक्य त्याला ऐकू यायचं. तरी दाबायचाच. पोटासाठी, म्हणे.

यंदा नियम बदलला. कृषी खात्याचा माणूस स्वतः येणार आणि शेतकऱ्यानं उभ्या पिकात, हातात कापूस धरून, फोटो द्यायचा. शिंप्यानं बाजाराचा दिवस मुद्दाम निवडला. ताई बाजारात असेल, आपण गुपचूप उभं राहून येऊ. इस्त्रीचा शर्ट घालून तो त्या माणसाला घेऊन शेतावर पोचला, तर ताई समोरच. कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होती.

"बारक्या! वाट चुकलास की काय?" पोट सुटलं, केस पिकले, तरी तिच्या तोंडी तो बारक्याच. "आणि हे कोण?"

"अनुदानाचं काम आहे, मावशी," खात्याचा माणूस फोन काढत म्हणाला. "गेली दोन वर्षं यांना वेळेवर मिळालंय, यंदाही मिळेल. तुम्ही जरा बाजूला व्हा. फोटोत मजूर नको."

ताईचा हात बोंडावर थांबला. मग पुन्हा चालू झाला. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर शिंप्याला बरं वाटलं असतं. ती नुसती वेचत राहिली.

"साहेब," तो बोलून गेला, "शेत ही कसते. हिचं नाव घालता येईल?"

"येईल की. तसं लिहून सही करा, यापुढचं सगळं यांच्या खात्यात. फक्त मागचं तुम्हाला परत भरावं लागेल. खोटं सांगून घेतलं, असं होतं ना ते." त्यानं पेन पुढं केलं. "करता?"

ताईनं मान वर केली.

शिंप्यानं पेन घेतलं. टोपण काढलं. डोळ्यांसमोर मशीन आलं, दुकानाची नवी पाटी आली. टोपण परत लागलं.

"पुढच्या वर्षी बघू," तो म्हणाला.

"मग कापूस घ्या हातात."

त्यानं बोंड ओरबाडलं, तर वाळकं टोक बोटात घुसलं. ताई पुढं आली. दुसऱ्या बोंडातला कापूस तिनं अलगद उपसला, त्याच्या तळहातावर ठेवला, शर्टाला चिकटलेला पाचोळा झटकला.

"नीट उभा राहा," ती म्हणाली. "सरकार बघणार आहे."

आणि बाजूला झाली.

फोटो निघाला. माणूस गेला. शिंपी मूठ आवळून तिथंच. जगाचे खिसे शिवणाऱ्याला तो कापूस कुठं ठेवावा कळेना.

"ताई, मी..."

"काय?"

"काही नाही."

तिनं ओटी पसरली. "टाक इकडं. एवढा तरी दे."

त्यानं मूठ उघडली. कापूस घामानं तळहाताला चिकटला होता. तिला तो ओढून काढावा लागला.