फ्लॉपीतली ओळ

धाकट्या भावाची सोयरीक अकलूजला जुळली आणि लग्न झालं, त्या एक्याण्णव साली शंकरप्पांनी साखर पेठेतल्या आपल्या टायपिंग क्लासात कॉम्प्युटर आणला. लग्नाच्या जेवणापेक्षा पाव्हण्यांत त्या पेटीचीच चर्चा जास्त. खोलीबाहेर चपला काढायच्या, आधी काळी फ्लॉपी आत सरकवायची, तेव्हा कुठं पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची.

त्यांच्या बायकोला, गुरम्मांना, अक्षराची ओळख नव्हती. पण खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायची, हे पक्कं ठाऊक. त्यांनी पेटीला विभूती लावली. सगळं त्या फ्लॉपीच्या जिवावर चालतं असं ऐकलेलं, म्हणून तीही पाकिटातून काढली आणि मधल्या उघड्या फटीवर ठसठशीत कुंकू लावलं. दसऱ्याला पेटी नुसतीच कुरकुरली.

शंकरप्पा रागावले नाहीत. मित्राकडून दुसरी फ्लॉपी करून आणली आणि तिच्यात काहीतरी लिहून ठेवलं. तेव्हापासून मशीन चालू झालं की पडद्यावर मराठीत एक ओळ यायची आणि क्लासातली पोरं खुसुखुसू हसायची.

"काय आलंय हो त्यात?" गुरम्मा विचारायच्या.

"वाचून बघ की."

हट्टाला पेटून त्यांनी चाळिशीत पाटी हातात धरली. अक्षराला अक्षर जोडत एके सकाळी ती ओळ वाचली. 'गुरम्मा, मला कुंकू लावू नको.' नवऱ्याशी अबोला धरला खरा, पण मशीन चालू करायचं काम त्यांनी त्याच आठवड्यात आपल्याकडं घेतलं. पोरं यायच्या आत ती ओळ एकटीनं वाचायला मिळायची.

शंकरप्पा दोन हजार वीसच्या श्रावणात, दुसऱ्या सोमवारी वारले. यंदा मुलानं, शिवूनं, जुनं घर विकून फ्लॅट घेतला. माळ्यावरची पेटी भंगारात जायची होती. गुरम्मा आडव्या आल्या. ती ओळ एकदा वाचू द्या, मग खुशाल न्या, म्हणाल्या. सुनेनं, धनलक्ष्मीनं, प्रभुला बोलावलं. क्लासातला जुना विद्यार्थी, आता त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान.

प्रभुनं धूळ काढली, वायरी बदलल्या. पंखा घरघरला आणि पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी रेघ लुकलुकायला लागली. गुरम्मांनी चष्मा पदरानं पुसला. फ्लॉपी आत गेली, खरखरली, गप्प झाली. पुन्हा घातली, पुन्हा तेच. बाहेर काढून उजेडात धरली, तर आतल्या तबकडीवर बुरशीची पांढरी जाळी.

प्रभु ओशाळला. "काकू, ती ओळ मला तोंडपाठ आहे. मोबाइलवर लिहून देतो, रोज दिसेल."

"तू लिहिलंस तर तू नको म्हणशील रे," गुरम्मा म्हणाल्या. "मला त्यांनी नको म्हटलेलं पायजे."

त्या रेघेपुढं, सुनेनं आणलेला चहा निवेपर्यंत बसून राहिल्या. मग आपल्याच हातानं बटण बंद केलं आणि शिवूला पेटी उचलायला सांगितली.

शंकरप्पा दोन हजार वीसच्या श्रावणात, दुसऱ्या सोमवारी वारले.