घेवड्याच्या मुळावरच्या गाठी

मी एक जुना जिवाणू आहे. किती जुना, ते मात्र विचारू नका. आमच्यात एकाचे दोन होतात, दोघांचे चार होतात, आणि मूळचा कोण हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून आम्ही सगळेच स्वतःला 'मी' म्हणतो आणि भांडण मिटवतो.

मित्रांनो, माझा जन्म गच्चीवरच्या एका मोठ्या कुंडीत झाला. कुंडी एका आईची होती आणि तीत ती दर वर्षी घेवडा लावायची. मुळाला गरज लागली की ते मातीत एक वास सोडतं. त्या वासाच्या मागे मागे मी गेलो. मुळाने मला आत घेतलं आणि माझ्याभोवती मोहरीएवढी खोली बांधली. तुम्हाला ती गाठ दिसेल. तिथे बसून मी हवेतला नत्र वेलाला पचेल असा करून देतो आणि वेल मला साखर पुरवतो. उपकार कोणाचे कोणावर नाहीत.

आईला माझं नावगाव काही ठाऊक नव्हतं. पण ती कुंडी कधी धुवायची नाही. "ही माती मुरलेली आहे. हिला कोणी हात लावायचा नाही," असं ती दोन्ही मुलींना बजावायची. ते ऐकून मी नुसता फुगून जायचो.

मग एका वर्षी आई गेली. मागे औषधाच्या बाटलीत नऊ बिया राहिल्या, जांभळ्या ठिपक्यांच्या. तसा घेवडा बाजारात कुठेच मिळत नव्हता. त्या नऊ बिया संपल्या की आईचा घेवडा संपला.

थोरलीने कुंडी ताब्यात घेतली. ती ऑपरेशन थिएटरमधली नर्स, नुकतीच निवृत्त झालेली. अख्खी गल्ली तिला सिस्टर म्हणायची. तिने सहा बिया लावल्या. वेल गुडघ्याएवढे झाले, तेव्हा दाटी नको म्हणून तिने एक वेल मुळासकट उचलला आणि किंचाळलीच.

"अगं बाई! मुळांना गाठी झाल्यात!"

"आई तर कधी काही बोलली नाही गाठींचं," धाकटी म्हणाली. ती घरीच शिवणकाम करायची.

"आईने मुळं कधी पाहिली होती? गाठ दिसली की काढायची. तीस वर्षं मी दुसरं काय केलं?"

तिने बाकीचे पाचही वेल उपटले. कात्रीने एकेक गाठ कापली, मुळं जंतुनाशकाने धुतली. मोठ्या पातेल्यात माती उकळली, कुंडी घासूनपुसून लख्ख केली आणि वेल पुन्हा त्याच मातीत लावले. त्या दिवशी माझे किती भाऊबंद गेले, ते सांगायला तुमच्याकडे आकडे नाहीत.

मी वाचलो तो धाकटीच्या वेडेपणामुळे. माती पातेल्यात जाण्याआधी तिने गुपचूप एक मूठ उचलून बटणांच्या रिकाम्या डब्यात टाकली. "आईचा हात लागलाय हिला," ती स्वतःशीच पुटपुटली. त्या डब्यात मी अंग चोरून, कोरडा ठणठणीत पडून राहिलो.

ते सहा वेल पिवळे पडले आणि शेंग न धरताच वाळले. सिस्टरने उरलेल्या तीन बिया तीन स्वच्छ कुंड्यांत, त्याच उकळलेल्या मातीत लावल्या. उगवल्या खऱ्या, पण पानं पुन्हा फिकट. तिने कुंड्या उन्हात नेल्या, सावलीत आणल्या. शेवटी तिने धाकटीला हाक मारली.

"आईचा घेवडा माझ्या हातून जातोय गं."

धाकटीने डबा आणला. "ही आईची माती आहे. घालू?"

"उकळलीस का?"

"नाही."

सिस्टरने एक फिकट पान उलटंसुलटं करून पाहिलं. "घाल बाई. आता आणखी काय वाईट व्हायचंय?"

ती मूठभर माती दोनच कुंड्यांना पुरली. पाणी मिळालं, मी जागा झालो आणि मला तो ओळखीचा वास आला. मी धावलोच! काही आठवड्यांत ते दोन वेल हिरवेगार झाले. तिसरा मात्र मान टाकून बसला.

"बी तेच, पाणी तेच, ऊन तेच. मग हा फरक कशाचा?" सिस्टरला चैन पडेना. वाळलेला तिसरा वेल तिने उपटला. मुळं पांढरीशुभ्र, एकही गाठ नाही. मग तिने हिरव्या वेलापाशी बोटाने माती उकरली. तिथे गाठीच गाठी. तिचा हात कात्रीकडे गेला. मला वाटलं, आता संपलं सगळं.

पण तिने एकच गाठ कापली, तळहातावर घेऊन चिरली आणि डोळ्यांजवळ नेली. आतून ती गुलाबी होती. मित्रांनो, तुमच्या रक्ताला लाल करणाऱ्या द्रव्याचा एक चुलतभाऊ त्या खोलीत माझ्या सोबतीला असतो. सिस्टरला हे कोणी शिकवलं नव्हतं, पण तो रंग तिने आयुष्यभर पाहिला होता.

"हा आजार नाही गं," ती हळूच म्हणाली. "हे जिवंत आहे. काम करतंय." मग तिने हातातल्या कात्रीकडे पाहिलं. "धडधाकट होते गं ते सहाही. आणि मी त्यांचं ऑपरेशन केलं."

धाकटीने तिच्या हातातली कात्री काढून घेतली आणि तिच्याजवळ बसून राहिली.

मित्रांनो, हात जरूर धुवा. सिस्टर अजूनही दिवसातून दहा वेळा धुते. पण जे डोळ्यांना दिसत नाही, ते सगळं तुमच्या वाईटावर टपलेलं नसतं. माती उकळण्याआधी, मूळ उपटण्याआधी, हे काय असेल असं स्वतःला एकदा विचारून बघा. माझी एवढीच विनंती आहे.

त्या दोन वेलांनी एकेचाळीस बिया दिल्या. त्या आईच्या बाटलीत गेल्या. शेजारी आता दुसरी बाटली आहे, मातीची. माझा मुक्काम तिथेच असतो. तिच्यावर सिस्टरने, पेशंटच्या कागदावर लिहायची तशा ठळक अक्षरात, चिठ्ठी चिकटवली आहे: 'आईची माती. बियांबरोबर द्यावी. उकळू नये.'