डुफीआजीचा डावा पाय

शनिवारी दुपारपर्यंत एल्डर माटारुसेने आणि त्याच्या जोडीदाराने हौदात ब्याऐंशी बादल्या पाणी ओतलं, तेव्हा कुठे ते कमरेला लागलं. मामपाँगच्या नळाला दहा दिवस थेंब नव्हता. हरमॅटनचा, म्हणजे वाळवंटाकडचा कोरडा वारा सुटला की घरात धूळ येते आणि नळातलं पाणी जातं, हे दरवर्षीचंच. विहीर टेकडीखाली आणि चर्च टेकडीवर. कुठल्या शहाण्याने जागा निवडली होती कोण जाणे.

बरं, ह्यांच्या चर्चमध्ये कपाळावर चार थेंब शिंपडून भागत नाही. बाप्तिस्मा घेणारा माणूस अख्खा पाण्याखाली गेला पाहिजे, केसापासून नखापर्यंत. दोन साक्षीदार हौदाच्या कडेला उभे राहतात आणि डोळ्यांत तेल घालून बघतात. एखादं बोट जरी वर राहिलं तरी पुन्हा पहिल्यापासून.

माटारुसे वीस वर्षांचा. गाव मुटारे, झिम्बाब्वेतलं. दोन वर्षं धर्मप्रचार करायला त्याला घानात धाडलं होतं, त्यातले एकोणीस महिने सरले होते. एकोणीस महिने रोज साडेसहाला उठायचं, पोथी वाचायची, पांढरा शर्ट चढवायचा, टाय बांधायचा आणि उन्हात दारोदार हिंडायचं. लोक हसून बोलायचे, बसायला स्टूल द्यायचे, "उद्या या" म्हणायचे. उद्या गेलं की दाराला कुलूप. दोन जोडी बुटांचे तळवे झिजले, पण त्याने शिकवलेला एकही माणूस अजून पाण्यात उतरला नव्हता. दर रविवारी वरिष्ठांना आठवड्याचे आकडे कळवायचे असतात. बाप्तिस्म्याच्या रकान्यात शून्य लिहून लिहून त्याला त्या शून्याचीसुद्धा लाज वाटेनाशी झाली होती. थकला होता पोरगा. झोपून जाणारा थकवा नव्हता तो, झोपून उठल्यावरही तसाच उशाशी बसलेला असायचा.

जोडीदार एल्डर एकपेन्याँग नायजेरियातल्या कालाबारचा, येऊन तीनच महिने झालेला. अंगाने पैलवान आणि जिभेचा पट्टा सदा चालू. दोघांनी एकमेकांच्या नजरेआड जायचं नाही असा नियम. नवरा-बायको तरी चार दिवस माहेरपणाला वेगळे होतात, ह्या जोडीला तीही सोय नव्हती.

आणि पाण्यात उतरणार होती डुफीआजी.

एकाहत्तर वर्षांची. बाजाराच्या तोंडाशी शेगडीवर केळी भाजून शेंगदाण्यांबरोबर विकायची. पहिल्याच दिवशी तिने दोघांची हजेरी घेतली होती. "एल्डर? म्हणजे वडीलधारे? मिसरूड फुटलं नाही धड, आणि मी तुम्हाला वडीलधारे म्हणू? जन्म कोणत्या वारचा सांगा." तिकडे जन्मवारावरूनच नाव पडतं, वार कळला की नाव आलंच. माटारुसेला आपला वार ठाऊक नव्हता. सोमवारी आईला फोन केला तेव्हा विचारला, गुरुवार निघाला. तेव्हापासून आजीसाठी तो याव झाला आणि शुक्रवारचा एकपेन्याँग कोफी झाला.

तीन महिने ते तिच्या ओट्यावर बसून शिकवत होते. आजी केळी उलटत ऐकायची. ह्यांच्या धर्मात चहा चालत नाही म्हणून तिने सकाळचा चहा सोडला, रविवारी शेगडी पेटवणं सोडलं. पाण्याचं नाव काढलं की मात्र तिच्या तोंडचं पाणी पळायचं. चाळीस वर्षांपूर्वी तिची धाकटी मुलगी ओढ्याच्या लोंढ्यात गेली होती. तेव्हापासून आजीने डोक्यावरून पाणी घेतलं नव्हतं. अंघोळ गळ्याखालून, आणि डोकं ओल्या फडक्याने पुसायचं.

शेवटी एक दिवस ती म्हणाली, "बरं, उतरते. पण एकदाच हां. जीव गेला तरी दुसऱ्यांदा नाही. कोफी, तुझे दंड दणकट आहेत, तू मला धर. आणि याव, तू काठावर उभा राहा. मी डोळे मिटणार, तू मिटू नकोस."

त्या शनिवारी ती पांढऱ्या झग्यात हौदाच्या पायऱ्या उतरली तेव्हा थरथरत होती. समोरच्या काठावर दुसरा साक्षीदार, ट्वुमासी शिंपी, चष्मा पुसत उभा. बाकीचे दहाबाराजण बाकांवर. आजीने माटारुसेकडे एकदा बघितलं आणि डोळे घट्ट मिटले. एकपेन्याँगने उजवा हात वर केला, ठरलेले शब्द म्हटले आणि तिला मागे झुकवून पाण्याखाली नेलं.

डोकं गेलं, छाती गेली, गुडघे गेले. आणि अगदी शेवटच्या क्षणी आजीचं अंग ताठरलं आणि डावा पाय उडाला. पाचही बोटं पाण्याबाहेर आली आणि परत आत गेली.

आजी खोकत, नाक शिंकरत वर आली. रडत होती आणि हसतही होती. "गेले! बाई गं, गेले मी आत!" बाकांवर टाळ्या पडल्या. ट्वुमासीने मान डोलावली. तो सबंध वेळ तिच्या तोंडाकडेच बघत होता. मग सगळे माटारुसेकडे वळले.

एक मान हलवायची होती, बस्स. कुणाला दिसलं होतं? देवाला दिसलं असेल, पण देवाने बादल्या वाहिल्या नव्हत्या. एकोणीस महिन्यांतलं पहिलं माणूस पाण्यातून वर आलं होतं, आनंदाने रडत होतं, आणि आता ह्याने त्या पायाची गोष्ट काढायची? त्याची मान हलायलाही लागली होती. पण आजी त्याच्याकडेच बघत होती, मघासारखीच.

"पाय," तो म्हणाला. "डावा पाय वर आला होता, आजी. पुन्हा करावं लागेल."

टाळ्या थांबल्या.

"पाय?" आजी म्हणाली. "माझं डोकं गेलं आत, नाक गेलं, चाळीस वर्षांत केलं नाही ते मी केलं, आणि तुला बोटं दिसली?"

"हो, आजी."

"तुझ्या देवाला माझ्या बोटांशी काय करायचंय रे? मोळी बांधायचीय?"

ती पायऱ्या चढली, अंगाभोवती कापड गुंडाळलं आणि तशीच निथळत भर बाजारातून घरी निघून गेली. कुणाची अडवायची छाती झाली नाही.

एकपेन्याँग पाण्यात उभा राहूनच बरसला. "तोंड शिवून टाकायला हवं होतं तुझं! एक मान, भावा! एक मान हलवायला काय जात होतं तुझं?"

"मला दिसलं."

"मलाही कळलं होतं! लाथ माझ्याच मांडीला बसली ना!"

"मग?"

"मग काय? मी गप्प बसलो!"

भरलेला हौद तसाच सोडून जायचा नाही, हाही नियमच. माटारुसेने शेजारच्या बायकांना हाक मारली. त्यांनी हसतखिदळत घमेली भरभरून पाणी नेलं, उरलेलं त्याने बोळा काढून सोडून दिलं. तळाची धूळ पुसताना त्याला वाटलं, इथेच आडवं व्हावं आणि पाच महिने उठूच नये.

रविवारी आजीची खुर्ची रिकामी राहिली. आकड्यांत शून्य गेलं. सोमवारी आईने फोनवर विचारलं, "रुफारो, जेवतोस ना नीट? आवाज असा का?" आठवड्यातून एकदाच कुणीतरी त्याला त्याच्या नावाने हाक मारायचं. "धुळीने बसलाय," तो म्हणाला. त्या बाईचं मी मन मोडलं, हे त्याच्या तोंडातून निघेना.

मंगळवारी सकाळी तो माफी मागायला निघाला. एकपेन्याँग कुरकुरत मागे. "केळी फेकून मारील, बघ."

शेगडी थंड होती. आजी ओट्यामागे बसलेली, समोर ॲल्युमिनियमची मोठी परात, परातीत पाणी आणि पाण्यात दोन्ही पाय. दोन्ही हातांनी डावा गुडघा दाबून धरला होता. डोक्याचं फडकं काढलेलं आणि पांढरे केस ओलेचिंब.

"आजी, मी माफी..."

"गप्प बस. काम चाललंय." तिने मान वर केली नाही. "हा उजवा गरीब आहे. डावा द्वाड. पाणी घोट्यावर आलं की उडतो. रविवारपासून शिकवतेय. आज तोंडसुद्धा घातलं परातीत, तीनदा."

एकपेन्याँग चाचरत म्हणाला, "पण आजी, तुम्ही तर एकदाच म्हणाला होता."

"म्हटलं होतं. तेव्हा मी तुमच्यासाठी उतरत होते." आता तिने माटारुसेकडे बघितलं. "ह्याचे बूट बघायचे मी रोज. कुणी दारात उभं करत नाही पोराला, आई तिकडे लांब. म्हटलं, जाऊ दे, एकदा बुडून वर येऊ, पोराच्या तोंडावर हसू तरी दिसेल. देवाचं तुम्ही जे सांगत होता ना, ते मी ऐकायचे आपलं, गिऱ्हाइकाच्या गप्पा ऐकतात तसं. खरं कोण मानतंय?"

माटारुसे खालच्या स्टुलावर बसला. तीन महिने तो हिला तारायला येत होता, आणि ही त्याच्यावर दया करत होती. त्याला उठून पळून जावंसं वाटलं.

"तुला केवढं हवं होतं ते दिसत होतं मला," आजी म्हणाली. "मान हलायला लागली होती तुझी. आणि तरी पाय म्हणालास. घरी येऊन तुला शिव्या घालत बसले. मग वाटलं, एवढा भुकेला पोरगा समोरचं ताट सरकवतो, म्हणजे ह्याच्या बोलण्यात काहीतरी असणार. आता मी माझ्यासाठी उतरणार. नखासकट."

त्याला रडू आलं, आणि त्याने ते येऊ दिलं. आजीने तिकडे लक्ष दिलं नाही.

"ह्या शनिवारी तू धर मला. कोफीला घाई फार. हौद भरलेलाच आहे ना?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"सोडला, आजी," माटारुसे म्हणाला.

"सगळा?"

"सगळा. ब्याऐंशी बादल्या."

"मग असे बसलात काय, पाहुण्यासारखे?" आजीने परातीतून डावा पाय काढला, निरखून बघितला आणि परत पाण्यात दाबला. "आज मंगळवार. लागा कामाला."